खालीं मान घालून ऐकण्याचें संगीत

थट्टेनें ठेवलेलें नांव पुष्कळदां थट्टा करणाराहून अधिक काळ जगतें. १८७४ सालीं पॅरिस शहरांत कांहीं चित्रकारांनीं आपल्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां एका टीकाकारानें त्यांना ‘इंप्रेशनिस्ट’, म्हणजे नुसता ठसा उमटवून मोकळे होणारे, असें हिणविलें. आज त्या टीकाकाराचें नांव अभ्यासकांखेरीज फारसें कोणाला ठाऊक नाहीं. त्यानें दिलेलें नांव मात्र मोठमोठ्या चित्रसंग्रहालयांत मानानें मिरवत आहे. १९९० च्या सुमारास इंग्लंडांत असाच प्रकार संगीताच्या बाबतींत घडला. कांहीं तरुण मंडळी रंगमंचावर उभी राहून गिटार वाजवीत. पण श्रोत्यांकडे पाहून हसत नसत, उड्या मारीत नसत, हातवारे करीत नसत. त्यांची नजर सारखी आपल्या पायांकडे. लंडनच्या संगीतविषयक साप्ताहिकांनीं त्यांना ‘शूगेझर’, म्हणजे आपल्याच जोड्यांकडे टक लावून पाहणारे, असें नांव ठेविलें. थट्टा विरली, नांव राहिलें. ‘शूगेझ’ ही आज एका संगीतप्रकाराची सर्वमान्य संज्ञा होऊन बसली आहे.

नजर खालीं असण्याचें एक कारण लाजाळूपणा असेलही. पण तें अर्धेंच सत्य होय. या वादकांच्या पायांशीं लहान लहान पेट्यांची एक रांगच मांडलेली असे. गिटारमधून निघालेला विजेचा प्रवाह या पेट्यांतून फिरून मग ध्वनिवर्धकांत जाई. एक पेटी आवाज फाडून टाकी, दुसरी त्याचा प्रतिध्वनि परत पाठवी, तिसरी त्याला देवळाच्या गाभाऱ्यांतल्यासारखा घुमारा देई. कोणती पेटी कोणत्या क्षणीं पायानें दाबावयाची याला ताल होता, हिशेब होता. तबला सुरांत लावतांना तबलजी मान खालीं घालतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं. या मुलांनाही तो न्याय मिळावयास हरकत नव्हती. तीं प्रेक्षकांकडे पाठ फिरवीत नव्हतीं. कामाकडे लक्ष देत होतीं, इतकेंच.

या मंडळींचें घराणें ‘इंडी’ या नांवानें ओळखलें जातें. ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचें हें लाडकें रूप. हें नांव मुळांत एखाद्या गायनशैलीचें नव्हे, व्यापाराच्या एका रीतीचें आहे. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दारीं न जातां आपल्या तबकड्या आपणच काढावयाच्या, ही ती रीत. १९७७ च्या जानेवारींत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या मेळ्यानें उसनवारीच्या पैशांतून ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी स्वतः काढली आणि अनेकांना वाट दिसली. लंडनमध्यें १९७६ सालीं उघडलेलें ‘रफ ट्रेड’ हें दुकान अशा तबकड्यांचें माहेरघर झालें व १९७८ पासून स्वतःही तबकड्या काढूं लागलें. १९८० सालीं स्वतंत्र प्रकाशकांच्या तबकड्यांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊं लागली. त्याच वर्षीं ‘फोर-ए-डी’ आणि १९८३ सालीं ‘क्रिएशन’ या संस्था निघाल्या. शूगेझची बरीचशी निर्मिति या शेवटच्या दोन घरांतून झाली.

तिचे पूर्वज दोन. स्कॉटलंडमधील ‘कॉक्टो ट्विन्स’ या मेळ्याची गायिका एलिझाबेथ फ्रेझर अशी गाई कीं, शब्द ऐकूं यावेत पण अर्थ हातीं लागूं नये. आलापांतील आकार-उकारांची संवय असलेल्या कानाला त्यांत वावगें वाटण्याचें कारण नाहीं. त्यांचा ‘ट्रेझर’ हा संग्रह १९८४ चा. दुसरे पूर्वज स्कॉटलंडचेच, ‘जीझस अँड मेरी चेन’. त्यांच्या १९८५ च्या ‘सायकोकँडी’मध्यें अगदीं साध्या, गोड चाली आहेत, पण त्या ध्वनिवर्धकाच्या कर्कश किंकाळीखालीं गाडलेल्या आहेत. एकाकडून धुकें आणि दुसऱ्याकडून वादळ घेऊन पुढची पिढी उभी राहिली : ऑक्सफर्डच्या ‘राइड’चा ‘नोव्हेअर’ १९९० चा, ‘लश’चा ‘स्पूकी’ १९९२ चा, रेडिंग गांवच्या ‘स्लोडाइव्ह’चा ‘सुव्लाकी’ १९९३ चा.

या सर्वांत शिरोमणि मानला जातो तो ‘लव्हलेस’. १९८३ सालीं डब्लिनमध्यें स्थापन झालेल्या ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या मेळ्यानें तो ४ नोव्हेंबर १९९१ रोजीं प्रसिद्ध केला. १९८९ च्या आरंभापासून दोन वर्षांहून अधिक काळ त्याचें काम चाललें होतें, आणि तें एकोणीस निरनिराळ्या ध्वनिमुद्रणगृहांत झालें. त्याचा शिल्पकार केव्हिन शील्ड्स. गिटारच्या तारा छेडतांना तो तारांचा ताण कमीजास्त करणारी दांडी हातांत धरून ठेवी; त्यामुळें सूर एका जागीं न थांबतां हेलकावे खाई, जणूं पाण्याखालचा दिवा. बिलिंडा बुचर हिचा आवाज गिटारींच्या वर नव्हे, त्यांच्या आंत ठेवलेला आहे. गाणें म्हणजे पुढें गायक आणि मागें साथ, ही रचनाच येथें मोडली आहे. आवाज हें इतर वाद्यांसारखेंच एक वाद्य.

हा कल्लोळ पहिल्यानें ऐकणाराला निव्वळ गोंगाट वाटतो. परंतु मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्याच्या कानांत बसली आहे, त्यानें जरा थांबून विचार करावा. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकविला म्हणजे स्वच्छ तार झणझणूं लागते आणि एका षड्जांतून अनेक स्वरांचें तेजोवलय उमटतें. म्हटलें तर तो तारेचा दोष. तोच तंबोऱ्याचा प्राण आहे. विजेच्या पेटींतून मुद्दाम फाडलेल्या आवाजाचें मर्म हेंच आहे : मूळ स्वरांत नसलेले किंवा दबलेले उपस्वर त्यांतून वर येतात. हें साम्य केवळ योगायोगाचें नाहीं. त्याला इतिहासाचा धागा आहे. १९५५ सालीं अमेरिकेंत अली अकबर खां यांची एक दीर्घ तबकडी निघाली. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांनीं तींत प्रास्ताविक केलें होतें, आणि प्रत्येक बाजूस एकच राग होता. ला माँट यंग या तरुण अमेरिकन संगीतकाराला त्या तबकडींतील तंबोऱ्याच्या अखंड नादानें वेड लावलें. पुढें १९७० पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. त्याआधीं, १९६० नंतरच्या वर्षांत, यंगच्या मेळ्यांत तासन्‌ तास एकच स्वर धरून व्हायोला वाजविणारा जॉन केल याने ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ स्थापन करण्यांत भाग घेतला, आणि त्यांचा १९६७ चा पहिला संग्रह ‘जीझस अँड मेरी चेन’सारख्यांना गुरुस्थानीं झाला. तंबोऱ्याचा नाद एका तबकडीवरून निघून, कित्येक हातांतून जात, रूप पालटून इंग्लंडच्या गिटारींत शिरला तो असा.

आतां ही तबकडी कशी घडते तें पाहूं जातां, तेथेंही पहिलें पाऊल हिंदुस्थानांतच पडतें. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी ध्वनिमुद्रिका लाखेच्या मिश्रणाची असे, आणि ती लाख मुख्यतः छोटा नागपूर व आसपासच्या जंगलांतून साऱ्या जगाला जाई. दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. रंगभूमीवर बालगंधर्वांनीं ‘वन्समोअर’ घेत घेत जें पद रात्र चढेपर्यंत रंगवावें, तेंच ध्वनिमुद्रिकेंत घड्याळाकडे पाहून आटोपावें लागे. दुसऱ्या महायुद्धांत लाखेचा तुटवडा पडला, आणि व्हायनिल या कृत्रिम द्रव्याचा उपयोग वाढला. १९४८ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी बारा इंची व्हायनिलची तबकडी पुढें आणली. खांचा बारीक झाल्या, वेग मंदावला, आणि एका बाजूवर सुमारे २२ मिनिटें मावूं लागलीं.

वास्तविक एका बाजूवर खांच एकच असते, बाहेरून आंत गुंडाळत जाणारी. ती सरळ केली तर तिची लांबी जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. हिऱ्याची सुई तेवढें अंतर बावीस मिनिटांत चालून जाते. १९५८ पासून सर्वत्र रूढ झालेल्या रीतीनें खांचेच्या एका भिंतीवर डाव्या कानाचा आणि दुसरीवर उजव्या कानाचा आवाज कोरलेला असतो. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खांच इतकी नागमोडी होईल कीं सुई बाहेर पडेल. म्हणून कोरतांना खर्ज कमी आणि तार वाढवून घेतात, व वाजवितांना यंत्र त्याच्या उलट करून हिशेब जुळविते.

या साधनाचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. फेऱ्यांचा वेग एकच असला तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खांच सरकते, आणि आंतल्या टोकाशीं अवघी वीस-एकवीस. त्यामुळें बाजू संपत येतांना बारकावे बोथट होतात. जाणते लोक शेवटीं पुष्कळदां सौम्य गाणें ठेवितात तें याचसाठीं. दुसरें, बाजू जितकी लांब तितकी खांच अरुंद आणि कोरलेला आवाज लहान. ‘लव्हलेस’ सुमारे साडेअठ्ठेचाळीस मिनिटांचा. म्हणजे बाजूला चोवीस मिनिटें. ज्या संगीताची ख्याति कानठळ्या बसविणारें म्हणून, तेंच तबकडीवर बेतानें कोरावें लागतें, आणि मग ऐकणारानें खुंटी पिळली म्हणजे आवाजाबरोबर धुळीची चरचरही वाढते. शिवाय प्रत्येक वेळीं सुई खांचेला किंचित्‌ झिजविते. १९८२ सालीं आलेल्या काँपॅक्ट डिस्कला यांतला एकही दोष नाहीं. ‘तबकडीचाच आवाज खरा’ असें जे छातीठोकपणें सांगतात, त्यांचें प्रेम मोठें असलें तरी मोजमाप त्यांच्या बाजूस नाहीं.

मग या संगीताचे चाहते तबकडीकडेच कां वळतात? उत्तर आवाजाच्या शुद्धतेंत नाहीं, ऐकण्याच्या रीतींत आहे. शूगेझ हें पहिल्या भेटींत ओळख देणारें संगीत नव्हे. ‘लव्हलेस’मधील चौथें गाणें, ‘टु हिअर नोज व्हेन’, सुरू झालें कीं यंत्र बिघडलें कीं काय अशी शंका नवख्याला येते. ताल दूर कोठें तरी भिंतीपलीकडे वाजत आहे, सूर वितळत आहेत, बाईचा आवाज झोपेंत बोलल्यासारखा. ज्याच्या बोटाखालीं लक्षावधि गाणीं आहेत, तो पंधरा सेकंदांत पुढें सरकतो. एका कानानें ऐकून दुसऱ्यानें सोडून देण्याची जी म्हण आहे, तिच्यांतला पहिला कानही येथें पुरता लागत नाहीं. तबकडीवर मात्र पुढें जावयाचें म्हणजे खुर्चीवरून उठलें पाहिजे, काटेकोर हातानें सुई उचलली पाहिजे, नेमकी रिकामी रेघ शोधली पाहिजे. माणूस कंटाळा करतो आणि बसून राहतो. येथें माणसाचा आळस कलेच्या उपयोगीं पडतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्या धुक्यांतून चाल दिसूं लागते. आणि ती एकदां दिसली कीं पुन्हां दिसेनाशी होत नाहीं. जवळून नुसते रंगाचे फटकारे वाटणारें चित्र दहा पावलें मागें सरकल्यावर नदी होतें, तसेंच हें. येथें मागें सरकावयाचें असतें तें काळांत.

दुसरी गोष्ट क्रमाची. गाण्यांचा क्रम हाही रचनेचा भाग आहे. एका बाजूचा आरंभ, तिचा शेवट, मधला विराम, मग दुसऱ्या बाजूची नवी सुरवात, अशी ही दोन अंकी मांडणी असते. तिसरी गोष्ट वेष्टनाची. बारा इंची चौकोनावर ‘राइड’नें समुद्राची फुगलेली, पण अजून न फुटलेली लाट छापली, ‘लव्हलेस’वर गुलाबी-तांबड्या रंगांत विरघळलेली गिटार आहे. वादकांचे चेहरे दर्शनी बाजूस नाहींत. रंगमंचावर मान खालीं घालणारांनीं मुखपृष्ठावरही आपलें तोंड मिरविलें नाहीं. जें पाहावयाचें तें नादांत पाहा, असा त्यांचा आग्रह दिसतो.

या आग्रहाची किंमत त्यांना द्यावी लागली. १९९१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या ‘निर्व्हाना’चा ‘नेव्हरमाइंड’ आला. पाठोपाठ इंग्लंडांत ठसठशीत, हंसऱ्या, चटपटीत गाण्यांची लाट आली. ज्या साप्ताहिकांनीं या मुलांना वर उचललें होतें, त्यांनींच त्यांना खालीं टाकलें. ‘सुव्लाकी’ची तर क्रूर चेष्टा झाली. १९९५ सालीं ‘स्लोडाइव्ह’चा तिसरा संग्रह ‘पिग्मेलियन’ निघाला आणि थोड्याच दिवसांत ‘क्रिएशन’नें त्यांना निरोप दिला. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ला तो ‘लव्हलेस’नंतरच मिळाला होता. त्याच सुमारास तबकडीचीही उतरती कळा लागली होती. दुकानांतून तिला हलवून तेथें काँपॅक्ट डिस्क मांडली जात होती. टाकलेलें संगीत आणि टाकलेलें साधन, दोघेही अडगळींत गेले.

त्यांना बाहेर कोणी काढलें? प्रामाणिक उत्तर असें कीं, प्रथम संगणकाच्या जाळ्यानें. त्या वेळीं पाळण्यांत असलेल्या किंवा जन्मासही न आलेल्या मुलांनीं हीं गाणीं तेथें ऐकलीं, एकमेकांना ऐकविलीं. त्यांना जुन्या साप्ताहिकांचीं भांडणें ठाऊक नव्हतीं; कान मात्र होते. आणि जें त्यांना अत्यंत आवडलें, तें त्यांना हातांत धरावेंसें वाटलें. म्हणजे नव्या साधनानें जुन्या साधनाला मारलें नाहीं. त्याच्याकडे पाहुणे पाठविले. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’नें ‘लव्हलेस’नंतरचा आपला संग्रह २०१३ च्या फेब्रुवारींत, एकवीस वर्षें उलटून गेल्यावर, स्वतःच काढला. ‘स्लोडाइव्ह’ची मंडळी २०१४ सालीं पुन्हां एकत्र आली, २०१७ सालीं त्यांचा नवा संग्रह निघाला आणि २०२३ चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ ब्रिटनच्या खपाच्या यादींत पहिल्या दहांत गेला. तारुण्यांत जें मिळालें नाहीं तें त्यांना पन्नाशींत मिळालें. २०१८ सालीं शील्ड्सनें मूळ फितींवरून, मधें कोठेंही संगणक न आणतां, ‘लव्हलेस’ची तबकडी नव्यानें कोरवून घेतली.

व्यापाराचे आंकडेही हेंच सांगतात. अमेरिकेंत २०२२ सालीं व्हायनिलच्या सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि काँपॅक्ट डिस्क ३ कोटी ३० लाख; १९८७ नंतर तबकडी पुढें जाण्याचा हा पहिला प्रसंग. मात्र हा डोलारा किती थोड्या खांबांवर उभा आहे तें २०२० च्या फेब्रुवारींत दिसलें. तबकडी छापण्यापूर्वीं खांच प्रथम कोरावयाची ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लुकण दिलेल्या मऊ चकतीवर. अशा चकत्या जगाला पुरविणारे मुख्य कारखाने दोनच होते, एक कॅलिफोर्नियांत व एक जपानांत. त्या महिन्यांत कॅलिफोर्नियांतला आगींत भस्मसात्‌ झाला.

या पुनरागमनाला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तबकडी महाग आहे. ती ज्या द्रव्याची होते तें निसर्गाला हितकारक नाहीं. कित्येक घरांत ती वेष्टनासकट भिंतीची शोभा होऊन बसते आणि तिच्यावर सुई कधीं टेकतच नाहीं. न वाचलेल्या ग्रंथांनीं भरलेल्या कपाटाचीच ही धाकटी बहीण. अशा मालकापेक्षां, एखादा गरीब विद्यार्थी स्वस्त यंत्रावर पण सगळा संग्रह क्रमानें, दुसरें कांहीं न करतां ऐकत असेल, तर तोच या कलेचा खरा धनी. तबकडी हें लक्ष देण्याचें निमित्त आहे. लक्षाची जागा ती घेऊं शकत नाहीं.

ज्यांच्या घरीं ती आहे त्यांनीं थोडी निगा राखावी. यंत्र सपाट, न हालणाऱ्या मेजावर असावें. सुईचा भार बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास लागतो. यंत्राबरोबर आलेल्या सूचनेप्रमाणें तो बेतावा. तबकडी कडेला धरावी, मऊ कुंचल्यानें धूळ काढावी, आणि उभी ठेवावी, आडवी रचूं नये. आवाजाबद्दल मात्र संयम हवा. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’च्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना दारांतच कानांत घालावयाचे बोळे वाटतात, वाजविणारांनाच जर आपल्या आवाजाची भीति वाटते, तर ऐकणारानें ती बाळगण्यांत कमीपणा नाहीं. या संगीताची भव्यता दाटपणांत आहे. ती मध्यम आवाजांतही कळते.

बाजू संपते, तेव्हां सुई आंतल्या बंद चक्रांत येऊन पोहोंचते आणि तेथेंच फिरत राहते. हलकी टकटक ऐकूं येते, बाकी शांतता. नुकताच जो नाद खोलीभर दाटला होता त्याची सांवली कानांत अजून असते. पुढचें काय, हें तेथें यंत्र ठरवीत नाहीं. तें आपणहून दुसरें गाणें पुढें करीत नाहीं. ऐकणारालाच उठावें लागतें, तबकडीवर वांकावें लागतें, आणि खालीं मान घालून, अगदीं त्या वादकांसारखीच, सुई जपून उचलावी लागते.